गाडीचे कव्हर ‘वॉटरप्रूफ’ आहे, एवढेच पाहून घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला कव्हर घाला, असा सल्ला सगळेच देतात. कोणते घालावे, कसे घालावे आणि कधी मुळीच घालू नये, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे ज्या रंगाच्या काळजीपोटी कव्हर घेतले, तोच रंग कव्हरने खराब केलेल्या गाड्या पॉलिशिंगसाठी येत राहतात. हे नुकसान सहज टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

सर्वात मोठा गैरसमज पावसाबद्दलचा आहे. दुकानात गेल्यावर बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो ‘वॉटरप्रूफ आहे का?’ असा. गाडीचा पत्रा पावसात भिजण्यासाठीच रंगवलेला असतो. नुसत्या पावसाने रंगाला फारसे काही होत नाही. दारांचे रबर जुने होऊन आत पाणी झिरपत असेल तर ते रबर बदलावे, सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या साफ कराव्यात. त्यावर कव्हर हा उपाय नाही. उघड्यावरच्या गाडीचा खरा शत्रू ऊन आहे. त्याखालोखाल पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक आणि कुजणारा पाला. कव्हर निवडायचे ते यांच्यासाठी.

रंगाचे थर किती पातळ असतात हे लक्षात घेतले की बाकीचे आपोआप समजते. प्रायमर, रंग आणि सर्वात वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. चकाकी त्याचीच, आणि अतिनील किरण अडवणारी रसायनेही मुख्यतः त्याच्यातच. उन्हाने हा थर वर्षानुवर्षे झिजत जातो, मग छप्पर आणि बॉनेटवर पांढरट, खरखरीत डाग उमटतात. एकदा क्लिअर कोट सुटू लागला की पॉलिशने तो परत येत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट काचा पिवळ्या पडणे, काळे प्लॅस्टिक पांढुरके होणे आणि डॅशबोर्ड तडकणे हीसुद्धा उन्हाचीच कामे. या सगळ्यापासून साधे, हलके, नीट बसणारे कव्हर चांगले रक्षण करते.

आता वॉटरप्रूफ कव्हरने काय होते ते पाहू. ताडपत्री, पीव्हीसीचे कापड किंवा आतून प्लॅस्टिकचा अखंड थर असलेले कव्हर पाणी आत येऊ देत नाही, तशी वाफ बाहेरही जाऊ देत नाही. जमिनीतून ओल सतत वर येत असते. रात्री छताचा पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो आणि ही वाफ पत्र्यावर आणि कव्हरच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपात जमते. सकाळी ऊन चढले की तेच पाणी तापते. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, कव्हरखाली एवढा तापला नाही तरी गरम दमटपणा तासन्‌तास कोंडून राहतो. तो क्लिअर कोटमध्ये शिरतो, पांढरे ढगाळ डाग पडतात, कुठे बारीक फोड येतात. जिथे आधीच दगड लागून टवका उडाला आहे, तिथे गंज धरतो. काच किंचित उघडी राहिली असेल तर सीटवर बुरशी येते. मालकाला वाटते की रंगच हलका होता. चूक कव्हरची असते.

म्हणून हवे ते वाफ बाहेर सोडणारे कापड. बाजारात ते बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या न विणलेल्या तीन-चार थरांचे असते. मधला थर सूक्ष्म छिद्रांचा असतो. छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वाफ जाते. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, घरी तपासता येते. कपात कडकडीत गरम पाणी अर्धे भरा, कव्हरचा तुकडा किंवा त्याच्याच कापडाच्या पिशवीचा भाग कपाच्या तोंडावर ताणून रबरबँडने बांधा आणि त्यावर कोरडा काचेचा ग्लास उपडा ठेवा. पाच-दहा मिनिटांत ग्लास आतून धूसर झाला तर कापडातून वाफ जाते. कोरडाच राहिला तर ते कापड गाडीवर घालू नका. तोंडाने फुंकर मारून पाहण्याची पद्धत फसवी आहे, कारण सूक्ष्म छिद्रांच्या थरातून हवा जवळजवळ जात नाही, तरी वाफ जाते.

चंदेरी पॉलिएस्टर कव्हरबद्दल दोन शब्द. ऊन परतवण्यात ती चांगली, वजनाला हलकी, घडी लहान होते. पण बहुतेकांच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट उष्णतेत तो काही काळाने चिकट होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. बाहेरचा चंदेरी मुलामाही घासून निघतो. असे पापुद्रे गरम पत्र्यावर चिकटले की काढताना जीव मेटाकुटीला येतो. पॉलिप्रॉपिलीनचाही दोष आहे. अतिनील किरणांपासून बचावाचे रसायन त्यात मिसळलेले नसेल तर कडक उन्हात ते लवकर ठिसूळ होते. कव्हरचा कोपरा दोन बोटांत चोळून पाहावा. भुकटी निघाली किंवा हलक्या ओढीने कापड फाटले, तर कव्हर टाकून देण्याची वेळ झाली आहे. फाटके कव्हर वरून दुसरे घालून चालवू नये. आतल्या थराचे तंतू रंगावर घासत राहतात.

धुळीचा मुद्दा ओलीइतकाच महत्त्वाचा. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात. त्यांची कठीणता मोह्सच्या १ ते १० या मापाने ७, म्हणजे साध्या काचेपेक्षा जास्त. क्लिअर कोट त्यांच्यापुढे फारच मऊ. धुळकट गाडीवर कव्हर ओढले की कव्हर आणि रंग यांच्यामध्ये पॉलिश पेपर ठेवल्यासारखे होते. आतून मऊ कापूस लावला आहे, याने फरक पडत नाही, कारण घासतात ते कण. वाऱ्याने कव्हर हलत राहिले तर हे घासणे रात्रभर चालते. उन्हात तिरपे पाहिले की दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बऱ्याचदा यातूनच येतात. ते काढायला रबिंग-पॉलिशिंग करावे लागते आणि प्रत्येक वेळी आधीच पातळ असलेल्या थरातले काही मायक्रॉन जातात.

यावरून एक स्पष्ट नियम निघतो. गाडी धुऊन, पूर्ण वाळवून मगच कव्हर घालावे. कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने धूळ झाडून कव्हर घालणे हा त्याला पर्याय नाही, ओरखडे तिथेच पडतात. रोज धुळीतून फिरून येणारी आणि रोज धुणे शक्य नसलेली गाडी उघडीच ठेवलेली बरी. तिच्यासाठी दोन-तीन महिन्यांनी वॅक्स किंवा सीलंटचा थर, समोरच्या काचेला आतून ऊन परतवणारा पडदा आणि शक्य असेल तर वर छप्पर, एवढे पुरते. आठवड्यातून एकदा-दोनदा बाहेर पडणारी किंवा महिनाभर उभी राहणारी गाडी हीच कव्हरची खरी गिऱ्हाईक आहे. वॅक्स तिलाही करावे. गुळगुळीत पृष्ठभागावर कव्हर कमी घासते.

माप चुकले तर चांगले कापडही कामाचे नाही. गाडीची लांबी बंपरपासून बंपरपर्यंत, रुंदी आरसे वगळून, उंची जमिनीपासून छतापर्यंत मोजा. छतावर कॅरिअर असेल तर ते धरून. हॅचबॅकचे कव्हर सेडानला, सेडानचे एसयूव्हीला बसत नाही. एक नंबर मोठे घ्यावे, हा दुकानातला सल्ला ऐकू नये. घातल्यावर दाराच्या बाजूला मूठभरापेक्षा जास्त कापड हातात येत असेल तर ते सैल आहे. वाऱ्यात फुगेल आणि आपटेल. खालची कड बंपरच्या खालपर्यंत आणि चाकाच्या मध्यापर्यंत यावी. आरशांसाठी कप्पे असावेत, पुढे-मागे कडेला चांगले इलॅस्टिक असावे आणि गाडीच्या पोटाखालून जाणारा पट्टा असावा. पट्ट्याचे बक्कल स्पंजमध्ये गुंडाळून ठेवावे, नाहीतर प्रत्येक झुळकीला ते दारावर वाजते आणि टिपके पडतात. पट्टा सायलेन्सरच्या नळीला टेकता कामा नये. कव्हरवरून बाहेरून दोरी आवळणे किंवा कडेवर दगड-विटा ठेवणे, दोन्ही वाईट. दोरीखाली रंगावर रेघा उमटतात.

शिलाईकडे कोणी पाहत नाही. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येते. त्यामुळे मुख्य जोड दुहेरी शिवलेला आणि आतून टेप लावलेला असावा. छताच्या मधोमध जोड नसेल तर उत्तम. कव्हर सर्वात आधी फाटते ते आरशाचे टोक, अँटेना आणि बॉनेटचे कोपरे या ठिकाणी. तिथे सुरुवातीलाच बाहेरून ठिगळ लावून घेतले तर आयुष्य बरेच वाढते. अँटेना उघडून निघणारी असेल तर काढून ठेवावी.

घालण्याची पद्धत. गाडी आल्यावर निदान अर्धा तास थांबा. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते आणि सायलेन्सरचे टोक थोड्या वेळापूर्वी त्याहून बरेच गरम असू शकते. कव्हरवरची ‘पुढे’ची खूण पाहून ते छतावर ठेवा, आधी पुढची कड बंपरखाली अडकवा, मग मागची, आणि शेवटी दोन्ही बाजू खाली सोडा. कव्हर रंगावरून ओढत नेऊ नये, उचलून न्यावे. काढताना उलट क्रम. दोन्ही बाजू वर उचलून छतावर अशा दुमडा की बाहेरची मळकी बाजू मळक्या बाजूवर येईल, आणि मग पुढून मागे गुंडाळी करा. अशाने धूळ घडीच्या आत राहते, रंगाला लागणारी बाजू स्वच्छ राहते आणि पुढच्या वेळी एकट्यालाही कव्हर पाच मिनिटांत घालता येते. जमिनीवर पसरून घडी घातली की आतल्या बाजूला माती लागलीच.

पावसाळी दिवसांत कव्हर आठवड्यातून एकदा तरी काढून गाडीला तासभर वारा लागू द्या. त्याच वेळी काचेखालच्या जाळीत साचलेली पाने काढा, ती कुजून पाणी जाण्याची वाट बुजवतात. बॉनेटही उघडून पाहा. झाकलेल्या, न हलणाऱ्या गाडीखाली अंधार आणि ऊब मिळते, उंदीर तिथे घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. ओल्या गाडीवर कव्हर नको, ओल्या कव्हरची घडीही नको. कव्हरखाली सुती चादर घालण्याची सवय पुष्कळांना आहे. ती पाणी शोषून रंगावर ओली पट्टी धरून ठेवते, म्हणून ती टाळावी. विष्ठा कव्हरवर पडली तरी त्याच दिवशी पुसावी. तिच्यातले यूरिक आम्ल कापडाचा लेप खाते आणि पातळ कव्हर असेल तर ओल खाली पोचते. उघड्या रंगावर पडली असेल तर ओले फडके दहा मिनिटे ठेवून मऊ करावी आणि उचलून घ्यावी. खरवडू नये.

कव्हर धुताना सौम्य साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी, इतकेच. गरम पाणी नको, फॅब्रिक कंडिशनर मुळीच नको, तो सूक्ष्म छिद्रे बुजवतो. दोन्ही बाजूंनी सावलीत वाळवावे.

नवीन रंगकाम झालेल्या गाडीला साधारण महिनाभर कव्हर घालू नये, रंगातले द्रावक उडून जायला मोकळी हवा लागते. विजेवरची गाडी चार्जिंगला लावली असेल तर पुढची बाजू आणि चार्जिंगचा भाग उघडा ठेवावा. चार्जिंग चालू असताना बऱ्याच गाड्यांमध्ये थंडाव्याचे पंखे फिरतात आणि त्यांना हवा हवी असते. गारांपासून पातळ कव्हर वाचवत नाही, त्यासाठी जाड गादीचे वेगळे कव्हर लागते. जागा असेल तर खांबांवर ताणलेली जाळी किंवा पत्रा, गाडीच्या छतापासून निदान दोन फूट वर, कोणत्याही कव्हरपेक्षा सरस. ऊन अडते, वारा खेळतो आणि रंगाला काही घासत नाही.

कव्हर बनवणाऱ्यांकडे एक मागणी आहे, आणि आपल्या वृत्तपत्राने ती ग्राहकांच्या वतीने लावून धरावी. पाकिटावर ‘प्रीमियम’, ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, कामाची माहिती नसते. कापड कशाचे आणि किती थरांचे, वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, एक चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसते, अतिनील किरणांविरुद्ध प्रक्रिया केली आहे का, जोड टेप लावलेले आहेत का, आणि शिवलेल्या कव्हरची लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये किती, ही सात उत्तरे छापायला अर्धे पान पुरते. तंबू आणि रेनकोटच्या कापडावर अशी मोजमापे बऱ्याचदा दिली जातात, त्यांच्या चाचण्या ठरलेल्या आहेत. ही माहिती छापली जाईपर्यंत ग्राहकांनी दुकानात कापडाचा नमुना मागावा आणि गरम पाण्याच्या कपावर तपासूनच पैसे द्यावेत.

आपला विश्वासू,
वाहनांच्या रंगकामाच्या व्यवसायातील एक वाचक