वेलिंग्टनच्या अनोळखी माणसांनो, आभार!

आम्ही चौघं मित्र परवा कोल्हापूरला सुखरूप पोचलो. पण ज्यांची नावंसुद्धा विचारायची राहिली, त्यांचे आभार मानल्याशिवाय चैन पडेना.

पन्हाळ्याचा वारा खाऊन वाढलेलो आम्ही, वाऱ्याचं काय कौतुक? पण न्यूझीलंडच्या दोन बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीतून घुसलेला वारा वेलिंग्टनवर आदळतो, तो प्रकारच वेगळा. माउंट व्हिक्टोरिया जेमतेम १९६ मीटर. वर पोचलो आणि छत्री उलटी, काड्या बाहेर. शेजारच्या आजींनी पिशवीतली लोकरी टोपी काढून आमच्यातल्या टकल्याच्या कानांपर्यंत ओढून बसवली. परत घेईनातच. आता ती राजारामपुरीत खुंटीला आहे.

रेड रॉक्सच्या किनाऱ्यावर मात्र चूक आमची. फोटोच्या नादात खडकासारखा पसरलेला सील दिसलाच नाही. मागून येणाऱ्या गृहस्थांनी हाक मारून थांबवलं. किमान २० मीटर लांब राहायचं, सील आणि पाण्याच्या मध्ये तर उभंच राहायचं नाही, हे त्यांनी न चिडता सांगितलं.

झीलँडिया अभयारण्याला उंदीर-मांजरं आत येऊ नयेत म्हणून ८.६ किलोमीटरचं कुंपण आहे. तिथल्या स्वयंसेविका बाईंनी दुर्बीण देऊन एक पोपट दाखवला. नाव काय, तर काका! आम्ही का हसतोय ते त्यांना इंग्रजीत समजावताना घाम फुटला, त्या थंडीत.

तुम्ही कुणीही कधी इकडं आलात, तर तांबडा-पांढरा आमच्याकडून.