हळद आणि बाबांच्या हिरड्या

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

दिवाळीत घरी होते तेव्हा बेसिनमध्ये बाबांची पिवळी चूळ दिसली, तिच्यात रक्त होतं. आई म्हणाली, "हळद-मीठ-तेल लावतात रोज, बरं वाटेल." मी गप्प बसले, पण परतताना गाडीत तेच डोळ्यांसमोर येत होतं.

बाबा, हळदीला मी नावं ठेवत नाही. तिच्यातलं कर्क्युमिन सूज उतरवतं. हळदीच्या जेलने, चूळ भरायच्या द्रवाने हिरड्यांची सूज आणि रक्त कमी झाल्याचं लहान लहान चाचण्यांमध्ये दिसलंय. आई ती तेलात कालवते तेही बरोबर, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आई, सुटी पिवळीधमक पावडर मात्र घेऊ नकोस, रंगासाठी तिच्यात कधी कधी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी पिवळा रंग, मिसळतात. वायगावची मिळते का बघ. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेली आपल्या वर्ध्याकडचीच हळद ती.

पण खालच्या दातांच्या आतून जे दगडासारखं कीटण बसलंय ना, ते हळदीने निघायचं नाही. जंतूंचा चिकट थर लाळेतल्या कॅल्शियमने कडक होतो. मग ब्रशही चालत नाही, डॉक्टरांकडून खरवडूनच घ्यावा लागतो. राहिला तर हिरडीखाली जंतू उतरतात आणि दाताभोवतीचं हाड झिजतं. सुजलेली हिरडी पूर्ववत होते, झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. त्यात तुम्हाला शुगर. ती वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही.

आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा. डाव्या गालात जिथे तुम्ही तो धरता, तिथलीच हिरडी खाली सरकून दाताचं मूळ दिसायला लागलंय. मी पाहिलं, बाबा. तिथे हळद काय करणार? रागावू नका, पण ती पन्नी खिशात ठेवणं आता बंद करा.

मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत रुग्णालयात जाऊन या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे आधीच सांगा. शेजारच्या काकांनी सुचवलेल्या हळदीच्या कॅप्सूल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. त्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढू शकतो.

सोमवारी सकाळीच निघा. आई, तूही सोबत जा. दुपारी फोन करते. बाबा, तुम्हीच उचला.

तुमची,
ताई