निवड समितीत दिव्यांगांना मत हवे

मा. संपादक,
स. न.

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा प्रमुख बदलला की निरोप आणि स्वागत यांची बातमी छापून येते. ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांना हा बदल कधी कळला, कोणी सांगितला आणि नवा माणूस निवडताना त्यांना मत होते का, याबद्दल त्यात अवाक्षरही नसते. नेतृत्वबदल नीट झाला की नाही, हे मात्र यावरूनच ठरते.

अमेरिकेतील गॅलॉडेट हे कर्णबधिरांचे विद्यापीठ १८६४ मध्ये सुरू झाले. १९८८ पर्यंत तिथे एकही कर्णबधिर अध्यक्ष झाला नव्हता. त्या वर्षी शेवटच्या तीन उमेदवारांपैकी दोघे कर्णबधिर होते. विश्वस्तांनी ६ मार्चला नाव जाहीर केले ते तिसऱ्या, ऐकू येणाऱ्या उमेदवाराचे. विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले. आठवडाभरात ती निवड मागे पडली, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनीही पद सोडले आणि दोन कर्णबधिर उमेदवारांपैकी आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांची मागणी तेवढ्यावर थांबलेली नव्हती. विश्वस्त मंडळात ५१ टक्के कर्णबधिर हवेत, असेही त्यांनी मागितले होते. कारण उघड आहे: निवडणारे तेच राहिले तर पुढची निवडही तशीच होणार.

आपल्याकडे इथेच घोडे पेंड खाते. निवड समितीत एका दिव्यांग व्यक्तीला ‘निमंत्रित’ म्हणून बसवतात, मताचा अधिकार देत नाहीत. निदान दोन जण हवेत, वेगवेगळ्या अपंगत्वाचे, आणि मताधिकारासह. पालकांची जागा वेगळी ठेवावी. पालकांचे म्हणणे मोलाचेच असते, पण ते म्हणजे त्यांच्या प्रौढ मुलाचे मत नव्हे. समितीची कागदपत्रे स्कॅन करून पाठवली तर स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो नुसता फोटो असतो, अंध सदस्याला त्यातले अक्षरही ऐकू येत नाही. तीच फाइल मजकुराच्या स्वरूपात पाठवायला जास्तीचा खर्च लागत नाही. बैठक लांबणार असेल तर सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे लागतात. ते साधारण वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने काम करतात. एकच दुभाषी असला की तो थकतो आणि अर्थ निसटू लागतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या सदस्याला प्रश्न आधी, सोप्या वाक्यांत आणि चित्रांसह द्यावेत. जाहिरातही एकदा तपासावी. काम फक्त फिरतीचे असताना ‘वाहन चालवण्याचा परवाना आवश्यक’ असे छापले की अंध उमेदवार अर्ज करण्याआधीच बाद होतो.

प्रमुख जाणार हे ठरले की शोधाला वर्षभर तरी द्यावे. जुन्या-नव्यांनी एकत्र काम करण्याचा काळ मात्र सहा ते आठ आठवड्यांहून जास्त नको, नाहीतर कर्मचारी प्रत्येक निर्णयासाठी जुन्यांच्याच दारात जातात. प्रमुख अचानक गेले तर हंगामी प्रमुख असा नेमावा, जो कायम पदासाठी उमेदवार नसेल. प्रमुखपद सोडणाऱ्या संस्थापकांनी किमान एक वर्ष विश्वस्त मंडळापासूनही दूर राहावे. हे त्यांना जड जाते, पण नव्या माणसाचे हात मोकळे राहतात.

कागदोपत्री सगळ्यात जास्त अडते ते बँकेत. सह्यांचा अधिकार बदलायला ठराव, ओळखपत्रे, पडताळणी यांत काही आठवडे सहज जातात आणि तोवर पगार आणि औषधांची बिले थांबतात. म्हणून ठराव आधीच करून ठेवावा आणि सही करणारी तिसरी व्यक्ती नेमावी. संस्थेचे ईमेल, संकेतस्थळ, बँक यांचे ओटीपी जुन्या प्रमुखांच्या खासगी मोबाइलवर येत असतील, तर ते क्रमांक ते पदावर असतानाच बदलून घ्यावेत.

खरी कसोटी निवासी संस्थेत लागते. न बोलणारा एखादा मुलगा कानावर हात मारू लागला की त्याचा कान दुखतो आहे, हे बऱ्याचदा एकट्या प्रमुख बाईंनाच ठाऊक असते. त्या गेल्या की तीच खूण ‘वर्तनसमस्या’ म्हणून नोंदली जाते, शांत करणाऱ्या गोळ्यांचा डोस वाढतो आणि कान तपासायचा राहूनच जातो. म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान हवे: तो असे करतो तेव्हा त्याचा अर्थ काय आणि आपण काय करायचे. त्याच पानावर गिळण्याचा त्रास असल्यास पाणी किती घट्ट करून द्यायचे, जेवणानंतर किती वेळ ताठ बसवायचे, आकडीचा झटका पाच मिनिटांहून लांबला तर रुग्णवाहिका कोणी बोलवायची, हेही असावे. हे पान रोज सांभाळणाऱ्या मदतनिसांसोबत बसून लिहावे. कार्यालयात बसून लिहिलेले पान उपयोगाचे नसते.

जाणाऱ्या माणसाबद्दल खोटे सांगू नये. ‘बाई सुट्टीवर आहेत’ असे सांगितले की स्वमग्न व्यक्ती रोज दारापाशी वाट पाहते आणि काही आठवड्यांनी तिचा कोणावरच विश्वास राहत नाही. कॅलेंडरवर शेवटच्या दिवशी बाईंचा फोटो आणि त्यानंतरच्या दिवशी नव्या व्यक्तीचा फोटो लावावा. नव्या व्यक्तीने रुजू होण्याआधी दिवसाच्या एकाच ठरावीक वेळी, थोडा थोडा वेळ, अनेकदा येऊन जावे. पहिल्या तीन महिन्यांत खोल्या, वेळापत्रक किंवा मदतनीस बदलू नयेत. नव्या प्रमुखांना कामाचा ठसा उमटवायची घाई असते, आणि नेमके तेव्हाच संस्थेतल्या माणसांना एकाहून जास्त बदल पेलवत नाहीत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये संमत झाला. आपल्याशी संबंधित निर्णयांत दिव्यांगांना त्यांच्या संघटनांमार्फत सहभागी करून घ्यावे, हे त्याचे चौथे कलम सरकारांना बजावते. सरकारकडे हीच मागणी घेऊन जाणाऱ्या संस्थांनी ती स्वतःच्या निवड समितीलाही लावावी. आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. अशा नियुक्तीची बातमी देताना निवड समितीत मताधिकार असलेले दिव्यांग सदस्य किती होते, एवढे विचारावे आणि मिळालेला आकडा छापावा.

आपला विश्वासू,
दिव्यांग पुनर्वसन क्षेत्रातील एक कार्यकर्ता