फुटका हौद

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात तुला सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "बाबा, सगळं आहे, पण आत रिकामं रिकामं वाटतं." मी "होईल ठीक" म्हणून मोकळा झालो. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. लेकाने एवढं मनातलं बोलावं आणि बापाने ते दोन शब्दांत उरकावं, हे मला फार लागलं.

आपल्या परसातला सिमेंटचा हौद आठवतो? 1972 च्या दुष्काळानंतर तुझ्या आजोबांनी बांधलेला. आजी तिन्हीसांजेला विहिरीवरून घागरी आणून तो काठोकाठ भरायची. सकाळी बघावं तर तळाला वीतभर पाणी, बाहेरच्या भिंतीला ओल, ओलीवर हिरवं शेवाळ. आजोबा दर उन्हाळ्यात तडा शोधून सिमेंट भरायचे, पुढल्या वर्षी शेजारून दुसरा तडा जायचा. आजी अक्षर लावून लावून पवित्र शास्त्र वाचायची. एकदा यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात, तेराव्या वचनाशी ती अडली. देव म्हणतो, माझ्या लोकांनी मला, जिवंत पाण्याच्या झऱ्याला सोडलं आणि पाणी न धरणारे फुटके हौद स्वतःसाठी खोदले. आजीने चष्मा काढला आणि काही न बोलता परसाकडे बोट केलं.

बाळा, तुझा पगार वाढला, फ्लॅट झाला, शनिवार-रविवारचे गडकिल्ले झाले, आता मोबाईल लावून दहा मिनिटांचं ध्यान चालू आहे. यात वावगं काही नाही. गडावर जाऊन आलास की तुझा आवाज मोकळा येतो, मला कळतं. पण बुधवारपर्यंत तो पुन्हा बसलेला असतो. जे तू त्यांच्याकडे मागतोस ते त्यांच्यापाशी नाहीच, तर ते देणार कुठून?

माझा हौद तर चर्चमध्येच होता. अकरा वर्षं मंडळीच्या कमिटीवर, पुढचा बाक कधी चुकला नाही, दानाचा हिशेब पैशापैशाला चोख. लोक मला विश्वासू म्हणत आणि तेवढ्यावर माझं भागायचं. मग तुझ्या आईचं ऑपरेशन आलं. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो आणि "आमच्या स्वर्गातील पित्या" यापुढे शब्दच फुटेना. ज्याला पिता म्हणत होतो त्याच्याशी माझी बोलचाल नव्हती. त्या रात्री मी पाठ केलेलं सोडून, पोर बोलतं तसं बोललो, रडलो. आईचं काय होणार ते अजून कळलं नव्हतं, तरी मी एकटा नव्हतो. ती सोबत आजतागायत सुटलेली नाही.

पुढे पंडिता रमाबाईंची साक्ष वाचली तेव्हा मला धीर आला. आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले, भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. संस्कृतच्या पंडिता. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. एवढं झाल्यावर त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मग त्यांनी स्वतःला त्याच्या हवाली केलं. पुढच्या दुष्काळात उपाशी बायका-मुलींना केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमात जी सावली मिळाली, ती मी या भेटीचंच फळ समजतो.

म्हणून नुसतं "चर्चला जात जा" एवढंच मी तुला सांगणार नाही. चर्चला जा, प्रभुभोजन चुकवू नकोस, पण ख्रिस्ताला भेटायला जा. योहानाच्या चौथ्या अध्यायातली ती शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर आली होती. पाच नवरे झाले होते, तहान तशीच. येशूने आधी तिच्याकडेच पाणी मागितलं, मग तिचं सगळं आयुष्य तिच्यापुढे ठेवलं, आणि तरी तिला दूर लोटलं नाही. ती गावाकडे धावली तेव्हा घागर तिथेच राहिली. ज्या घागरीसाठी आली, तीच विसरली बघ!

आई आणि मी रोज रात्री नऊला एक अध्याय वाचतो. येत्या रविवारी हाच वाचणार आहोत. तूही तिकडे उघड. वाचून झालं की फोन कर, कितीही उशीर होऊ दे. या वेळी मी घाईने ठेवणार नाही.

तुझा,
बाबा