बाळाने दूध सोडलं की ताप यायची वाट बघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाचवीच्या रात्री आमच्या नातीने दूध सोडलं. घरात आम्ही चार बायका होतो आणि चौघींनीही ते कौतुकाने घेतलं, म्हणालो किती गुणाची पोर आहे, घरात एवढी माणसं आलीत तरी गप झोपलीय. लेक म्हणत होती आई ही ओढतच नाहीये, तर मीच तिला गप्प केलं की नवी नवी सवय आहे, होईल. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

ताप नव्हता ना, तेच आम्हाला नडलं. सहाव्या दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, ताप नाही गॅस असेल म्हणाले आणि थेंब लिहून दिले. दुपटं सोडून बघितलंच नाही.

सातव्या दिवशी आशाताई त्यांच्या ठरलेल्या भेटीला आल्या. त्यांनी टोपडं, दुपटं सगळं काढायला लावलं, मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि पोटाकडे बघत श्वास मोजले, 74 भरले, मग परत मोजले तर 72. तळपायावर टिचकी मारली तर पोर नुसती कण्हली, रडली नाही. मला म्हणाल्या काकू, 60 किंवा वर गेलं आणि दुसऱ्यांदा मोजूनही तेवढंच आलं की आम्ही थांबत नाही. गाडी येईपर्यंत लेकीच्या छातीशी बाळ उघडं लावून वरून शाल घातली, तसंच जिल्ह्याला नेलं, कारण एवढंसं बाळ जंतुसंसर्गात तापण्याऐवजी गारही पडतं, हे मला 58 व्या वर्षी त्या दिवशी कळलं.

तिथे नवजात कक्षात आधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायला, रक्त काढलं आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. सिस्टर म्हणाल्या अँटिबायोटिक आधी पोटात गेलं की बाटलीत जंतू नीट वाढत नाहीत, म्हणून रक्त आधी, पण रक्तासाठी डोस लांबवायचा नाही. आमच्या जावयांनी पाठीतलं पाणी काढायच्या कागदावर सही करायला तासभर लावला, पोरगी लुळी पडेल म्हणून. डॉक्टर मॅडमनी समजावलं की तसं होत नाही आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू गेले असतील तर औषध जास्त दिवस द्यावं लागतं, न बघता कसं ठरवायचं? ते पाणी स्वच्छ निघालं. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला, क्लेबसिएला नावाचा जंतू, आणि चालू असलेलं जेंटामायसिन हे अँटिबायोटिक त्याला लागू पडत नव्हतं, मग औषध बदललं, एकूण 14 दिवस चाललं. कल्चर केलं नसतं तर आम्ही नुसते दिवस मोजत बसलो असतो. दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांत 2011 ते 2014 मध्ये हजारो बाळांचा अभ्यास झाला त्यातही हेच निघालं, की बरेच जंतू आता नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून घरात उरलेलं सिरप पाजणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणं आहे, असं करू नका.

आणि खेड्यात काही होत नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं, श्वास मोजायला, लक्षणं ओळखायला, अगदी जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलासुद्धा, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई घरोघर येतात त्याची मुळं तिथे आहेत.

माझी तुम्हाला विनंती आहे की महिन्यातून एकदा तरी ही लक्षणं ठळक छापा: बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, अंग तापलंय किंवा गार पडलंय, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी तडक हॉस्पिटल, रात्र असली तरी. घुटी नाही, मध नाही, उद्या बघू नाही. सुनेला किंवा लेकीला काही वेगळं वाटत असेल तर माझ्यासारखं तिला गप्प करू नका, बाळ चोवीस तास तिच्याच अंगावर असतं, तिला आपल्याआधी कळतं.

आरोग्य खात्यालाही एक सांगायचंय. आशाताईंचं थर्मामीटर त्या दिवशी बंद होतं, सेल संपला होता, आणि नवा त्यांनी नंतर स्वतःच्या पैशाने टाकला. तेवढे सेल तरी त्यांना वेळेवर द्या.

आपली,
एक आजी, सातारा जिल्हा