आई-बाबांना, मिडवाइफ व्हायच्या माझ्या हट्टाबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज लगेच जड होतो आणि बाबा, तुम्ही "बरं ते जाऊ दे, तिकडे थंडी किती" वर जाता, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

तर यंदाही मिडवाइफरीला, म्हणजे बाळंतपणं करायला शिकवणाऱ्या डिग्रीला, कुठेच सीट मिळाली नाही. इथे इंग्लंडमध्ये यूकॅसमधून, म्हणजे सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या एकत्र प्रवेश-अर्जातून, जास्तीत जास्त 5 कोर्सना अर्ज करता येतो, सगळीकडून नकार आला. एका ठिकाणी इंटरव्ह्यू चांगला झाला, रिझर्व्ह लिस्टला नाव होतं, पण ती लिस्ट काही हललीच नाही. रडायचं ते रडून झालंय, आता पुढचं ऐका.

बाबा, तुमचं म्हणणं की बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी फर्स्ट क्लास असलेल्या पोरीला हे लोक नाही म्हणतातच कसे. अहो, डिग्रीबद्दल त्यांची तक्रार नाहीये, ती जुनी झालीय एवढंच. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना मागच्या 3 ते 5 वर्षांत काहीतरी शिकल्याचा पुरावा लागतो, आणि माझी तेवढी वर्षं पोराच्या शाळेत आणि घरात गेली. त्यात सीटच कमी, कारण अर्धा कोर्स वर्गात आणि अर्धा हॉस्पिटलमध्ये, 3 वर्षांत प्रत्येकीच्या हातून साधारण 40 डिलिव्हऱ्या व्हाव्या लागतात, शेजारी शिकवणारी मिडवाइफ उभी लागते, मग मुली भराभर घेऊन ठेवणार कुठे?

म्हणून आता ॲक्सेस डिप्लोमाला नाव घातलंय, शिक्षण सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी असतो तो, लेव्हल म्हणाल तर आपल्या बारावीसारखी. हो, एमएस्सीनंतर परत बारावी. काकू हसणार, हसू देत.

आणि दुसरं म्हणजे मला हॉस्पिटलमध्ये मॅटर्निटी सपोर्ट वर्करचं काम मिळालंय. बीपी घ्यायचं, पाळणे लावायचे, बाळंतिणीला चहा-टोस्ट द्यायचा. (इथे बाळंतीण झाल्या झाल्या टोस्ट देतात आई, खरंच.) आमचं हे लेस्टर शहर म्हणजे अर्धं गुजरातच, परवा एक गुजराती मुलगी होती, टोस्टला हातही लावला नाही, सासूने डब्यातून शिरा आणला तेव्हा कुठे खाल्लं. बाळ काही केल्या दूध ओढेना, ती रडकुंडीला आलेली. मी जवळ बसून माझ्या मोडक्या गुजरातीत सांगत होते की बाळाचं डोकं मागून दाबू नकोस, मान मोकळी राहू दे, नाक निपलच्या समोर आण आणि त्याने मोठा आ करेपर्यंत थांब, हनुवटी आधी टेकली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला बाळाने असं घट्ट धरलं की सासूबाई मलाच शिरा भरवायला लागल्या! घरी आले तेव्हा पाय मोडून आले होते पण झोप येईना.

आई, तू म्हणालीस की शिकूनसवरून हे दाईचं काम कशाला. अगं, मामीचं, आत्याचं बाळंतपण तूच केलंस ना, शेक-शेगडी, धुरी, हळिवाची खीर, रात्र रात्र जागलीस, तेव्हा कुठे तुला कमीपणा वाटला होता? आणि इथे नॉर्मल डिलिव्हरी मिडवाइफच स्वतःच्या जबाबदारीवर करते, काही बिघडलं तर डॉक्टर बोलावतात. रजिस्ट्रेशन असल्याशिवाय ते काम करताच येत नाही.

पैशांची काळजी नको. दुसऱ्या डिग्रीला एरवी सरकारी लोन देत नाहीत, पण मिडवाइफरीला ती सूट आहे, शिवाय वर्षाला 5,000 पाउंडची ग्रँट, ती परत करायची नसते. आपल्याकडेही सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरीच्या गाइडलाइन्स काढल्यात, पण तो 18 महिन्यांचा कोर्स आधीच नर्स असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे बाबा, "इकडे येऊन कर" हा मार्ग माझ्यासाठी बंद.

जानेवारीत परत अर्ज करायचाय. नाही झालं तर त्याच्या पुढच्या वर्षी, तेव्हा मी एक्केचाळीसची असेन, वय मला मोजता येतं, ते दर रविवारी सांगू नका प्लीज.

एक काम आहे. माझी दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीटं तुमच्या कपाटात एलआयसीच्या फाइलीखाली असतील, दादाला स्कॅन करून पाठवायला सांगा, दोन्ही बाजू, कडा कापल्या जाऊ नयेत. आणि लग्नाकार्यात कुणी विचारलं तर "ती मेडिकल लाइनमध्ये आहे" असं गोलगोल सांगू नका, मिडवाइफ होतेय म्हणून सांगा.

बाबा, शुगरचा रिपोर्ट अजून आला नाहीये माझ्याकडे.

तुमची
बबी