घड्याळजींच्या टेबलावरची २१२ अवजारं : ४३ ओळखून द्या, बाकीच्यांना हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

बाजारपेठेतलं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान दिवाळीनंतर बंद झालं, हे आपल्या वाचनालयाच्या बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. दुकान म्हणजे काय, तर जिन्याखालची साडेचार फुटांची जागा, काचेचा खोका, त्यामागे टेबल आणि टेबलामागे डोळ्याला आयग्लास लावून बसलेले काका. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी या गावाची घड्याळं चालती ठेवली. नाव छापू नका असं घरच्यांनी सांगितलंय, म्हणून इथंही काकाच म्हणतो. गावात दुसरे घड्याळजी नव्हतेच, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही.

जागा रिकामी करायची होती. भंगारवाल्यानं पितळ वेगळं, लोखंड वेगळं असा किलोवर भाव सांगून ठेवला होता. सामान त्याच्या काट्यावर चढायच्या आदल्या दिवशी काकांच्या मुलीनं वाचनालयात फोन केला आणि आम्ही दोन हातगाड्या घेऊन गेलो. (एकच पुरली असती. घड्याळजीचा सगळा संसार टेबलाच्या आठ खणांत मावतो.)

आता हे सगळं वरच्या मजल्यावर, संदर्भ विभागात आहे, आणि त्याचं एक दालन करायचंय. मोजदाद झाली. २१२ अवजारं, औषधाच्या गोळ्यांच्या नि तपकिरीच्या डब्यांतले सुटे भाग, आणि दुरुस्तीच्या एकोणीस वह्या. पैकी ४३ अवजारांचं नाव किंवा काम आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. हे आवाहन आधी त्या ४३ साठी आहे. पैशांचंही आहे, ते पुढं येतं.

जी ओळखता आली त्यांतली पहिली धनुकली. वेताची हातभर काडी, तिला घोड्याच्या शेपटीचा केस ताणून बांधलेला. दोन टोकांत धरलेल्या बारीक कांबीवर एक छोटी पुली बसवायची, तिच्याभोवती केसाचा एक वेढा द्यायचा आणि डाव्या हातानं धनुकली खालीवर करायची. धनुकली खाली येते तेवढ्यापुरतीच उजव्या हातातली छिन्नी टेकवायची, वर जाताना सोडायची. एवढ्यावर काका बॅलन्सचा (घड्याळात मागेपुढं झुलणाऱ्या चाकाचा) नवा स्टाफ, म्हणजे आस, कातायचे. त्याची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात. आमच्या एका सभासदानं, जे आयटीआयला टर्नर शिकवायचे, ती टोकं भिंगातून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

स्टाफ कातायची वेळ का यायची? तर पार्ट मिळायचा नाही. खिशातली घड्याळं शतकानुशतकं हातानं कानस मारून बनत होती. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६७५ मध्ये बॅलन्सला हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक स्प्रिंग) जोडली आणि खिशातलं घड्याळ भरवशाचं झालं, पण एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसेल याची खात्री नव्हती. अमेरिकेतल्या वॉल्थॅमच्या कारखान्यानं १८५० च्या दशकात यंत्रावर एकसारखे भाग काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठं ‘पार्ट बदलणे’ हा प्रकार आला. तरी बंद पडलेल्या कंपनीचा पार्ट आपल्या तालुक्यात कोण आणून देणार? म्हणून धनुकली.

दुसरा स्टेकिंग सेट. गोल लाकडी डबा, त्यात पोलादी पंच वर्तुळात उभे रोवलेले. रिव्हेट बसवणं, चाक दाबणं, स्टाफ ठोकून काढणं, प्रत्येकाला वेगळा पंच. त्यातली तीन भोकं रिकामी असायला हवी होती, कारण ते पंच हरवलेत. काकांनी तिथं सायकलचे आरे तोडून, घासून, पाणी देऊन बसवलेत. हे तीन आरे आम्ही कपाटात सगळ्यांत पुढं ठेवणार आहोत. कार्यकारी मंडळात यावर वाद झाला, पण ठराव मंजूर आहे.

तेल देण्याच्या काड्या, चिमटे, काटे उपटायचा चिमटा, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग) गुंडाळायचं यंत्र हे सगळं ओळखलं. काही चिमट्यांवर स्वित्झर्लंडचं नाव आहे. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लची बर्जों ही अवजारांची पेढी १७९१ पासूनची, आणि तिचा एक पान्हा आपल्याकडे निघाला. ४३ मध्ये मात्र अशी एक पितळी बुडकुली आहे की जिच्या दोन जबड्यांना लाल खडे लावलेत, आणि अशी एक कात्रीसारखी वस्तू की जिचं तोंड बंदच होत नाही. बहुधा व्हायचंही नसावं.

लाल खड्यांवरून माणकांचा विषय निघालाच आहे. वाचनालयात आलेल्या तिघांनी वेगवेगळ्या दिवशी विचारलं, ‘सतरा ज्वेलचं’ म्हणतात ती माणकं विकून दालनाचा खर्च निघेल का? नाही निघणार. चाकाचं टोक फिरायला झीज न होणारी बैठक लागते, म्हणून भोक पाडलेला खडा बसवतात. याचं पहिलं पेटंट १७०४ मध्ये लंडनला निघालं. तेव्हाचे खडे अस्सल असत. पण १९०२ मध्ये व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं भट्टीत माणिक बनवायची रीत जाहीर केली आणि खडा स्वस्त झाला.

वह्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या मते खरा ऐवज तोच आहे. पहिली वही १९६९ च्या दसऱ्याची. सुरुवातीच्या पानांवर स्विस नावं दिसतात. त्यांत वेस्ट एंड बरंच आहे. १८८६ पासूनचं हे नाव, डायलवर ‘बॉम्बे – कलकत्ता’ छापलेलं असायचं, आणि त्यांच्या ‘सोवार’ या घड्याळाचं नाव म्हणजे आपला घोडेस्वार. मग हळूहळू एचएमटी पानं व्यापत जाते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना निघाला, आणि आपल्याकडे मॅट्रिक झालेल्या मुलाला नि लग्नातल्या नवरदेवाला एचएमटीचं ‘जनता’ किंवा ‘पायलट’ मिळू लागलं. ‘जनता’ म्हणजे सतरा ज्वेल, रोज चावी, सेकंदाला पाच ठोके. दिवसाचे ४,३२,००० होतात. इतकं चालल्यावर वर्षादोनवर्षांनी सर्व्हिसिंग लागणारच, आणि त्यावर काकांचं घर चाललं. एका नोंदीत फक्त एवढंच आहे : ‘जनता, विहिरीत पडले, काढले, तिसऱ्या दिवशी आणले, उशीर केला.’

काकांनी दुकान थाटलं त्यानंतर दोन महिन्यांनी, २५ डिसेंबर १९६९ ला, टोकियोत सेइको कंपनीनं पहिलं क्वार्ट्झ (चावीऐवजी सेलवर चालणारं) मनगटी घड्याळ विकायला काढलं. काकांना तेव्हा हे कळायचं काही कारण नव्हतं. वह्यांत ते कळायला जवळजवळ वीस वर्षं लागली. टायटन आलं, आणि १९९० नंतरच्या पानांवर ‘स्टाफ’, ‘हेअरस्प्रिंग’, ‘ऑइलिंग’ कमी होत जाऊन ‘सेल’, ‘सेल’, ‘पट्टा’, ‘सेल’ असं येऊ लागतं. शेवटच्या चार वह्यांत दुसरं फारसं काही नाही. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रानं जानेवारी २०१६ मध्ये घेतला. त्या महिन्यातही काकांनी दोन ‘पायलट’ धुतल्याची नोंद आहे.

आता एक कबुली. वाचनालयाच्या दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ अॅन्सोनिया कंपनीचं आहे, असं आपण अभिमानानं सांगतो. ते आता अर्धंच खरं आहे. आठवड्याला चावी द्यायचा कंटाळा म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी कार्यकारी मंडळानं (त्यात मीही होतो) त्यात बॅटरीचं मशीन बसवून घेतलं आणि मूळ मशीन रद्दीबरोबर गेलं. लंबक हलतो तो शोभेला. काकांनी तेव्हा काही म्हटलं नाही, पण त्यानंतर घड्याळाखालच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत.

या अॅन्सोनियाची अमेरिकेतली यंत्रसामग्री १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारनं विकत घेतली होती. पुढच्या वर्षी त्यांनी ओहायोमधला ड्यूबर-हॅम्पडेनचा बुडालेला घड्याळांचा कारखानाही उचलून मॉस्कोला नेला, आणि यंत्रांबरोबर तिथले २१ कारागीरही बोलावून घेतले. यंत्रं आली तरी ती कशी धरायची हे सांगणारं माणूस लागतं, हे त्यांना माहीत होतं. आमच्याकडे यंत्रं आहेत, माणूस नाही. काका आता बोलू शकत नाहीत. अवजार हातात दिलं तर बोटं बरोबर जागी जातात, तेवढ्यावरून आम्ही आणखी सहा ओळखली. म्हणूनच ४३ उरलीत, नाहीतर ४९ होती.

तर पहिली विनंती अशी. तुम्ही, तुमचे वडील, मामा, शेजारी घड्याळजी असतील, एचएमटीत किंवा कुठल्या घड्याळ कारखान्यात नोकरीला असतील, मुंबई-पुण्याच्या दुकानात टेबलावर बसले असतील, तर त्यांना एखाद्या रविवारी सकाळी १० ते १२ मध्ये घेऊन या. अवजारं नंबर लावून पांढऱ्या कापडावर मांडलेली असतात. बाहेरगावच्यांचं येण्याजाण्याचं एस.टी.चं भाडं आणि दुपारचं जेवण वाचनालयाकडे. ते काय बोलतात ते आम्ही रेकॉर्ड करून घेणार आहोत. व्याकरण, उच्चार कशाचीही चिंता नको.

दुसरी, पैशांची. काचेची दोन बंद कपाटं, ओल धरू नये म्हणून त्यांतली व्यवस्था, एक उभं भिंग आणि एकोणीस वह्यांचं पानापानाचं छायाचित्रण, असा एकूण अंदाज १,८०,००० रुपयांचा आहे. ५४,००० जमलेत. शंभर रुपयेही चालतील. पावती लगेच मिळेल. आयकराच्या सवलतीची नोंदणी आपल्या वाचनालयाकडे नाही, हे आधीच सांगतो, नंतर रुसवा नको.

तिसरी, वस्तूंची. बंद पडलेली चावीची घड्याळं, चिमटे, डबे, सुटे डायल, जे असेल ते द्या, पण आहे तसं द्या. पितांबरी लावू नका, खोबरेल सोडू नका. ज्या जुन्या डायलचे आकडे रेडियमचे असू शकतात, ती घड्याळं घरी उघडू नका आणि सुटे काटे पुडीत बांधून पाठवू नका. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याची पूड श्वासात जाणं वाईट. अशी घड्याळं आम्ही तूर्त घेत नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेले आकडे दिसले तर ते मुळीच घासू नका. घड्याळजी दुरुस्तीची खूण तिथं करून ठेवतात. काकांची खूण म्हणजे छोटा त्रिकोण आणि त्याखाली वहीतला नंबर. तुमच्या घरच्या घड्याळात त्रिकोण निघाला तर ते द्यायची गरज नाही, नुसतं दाखवायला आणा. वहीतलं पान आपण काढू.

शेवटचं थोडं वेगळं. दुकानाच्या खणात २७ घड्याळं निघाली. दुरुस्त होऊन, चिठ्ठी बांधून, मालकाची वाट बघत पडलेली. सगळ्यांत जुनी चिठ्ठी १९८३ ची आहे. ती दालनात ठेवायची नाहीत, ज्याची त्याला द्यायची, असं काकांच्या मुलीनं बजावलंय, आणि दुरुस्तीचे पैसेही घ्यायचे नाहीत. वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. पावती हरवली असेल तरी या. कंपनी कुठली होती आणि पट्टा कसा होता, तेवढं सांगा.

आपला,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)